गाडीचा आस : पारख आणि पालट

ट्रस्टच्या महोत्सवी अंकात कार्याचा आढावा, देणगीदारांचे आभार आणि गुणी विद्यार्थ्यांचा गौरव यांच्या शेजारी एका लोखंडी दांड्यावरचा लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु थोडा विचार केल्यास हे नवल उरणार नाही. आपल्या सभासदांपैकी कितीतरी घरांची चूल आज पिकअप गाडीवर पेटते. बेळगावचा भाजीपाला चोर्ला घाट उतरून गोव्यात जातो, खेड्यातले दूध शहरात येते, बांधकामाचे सामान, मंडपाचे खांब, दुकानाचा माल, सारे याच गाडीवर चढते. गाडी बहुधा कर्जाऊ घेतलेली, हप्ता दर महिन्याचा आणि चालवणारा घरचाच मुलगा. त्या मुलाचा जीव आणि घरचा हप्ता ही दोन्ही ओझी गाडीच्या ज्या भागावर अक्षरशः तोललेली असतात, तो भाग म्हणजे मागचा आस होय. इंजिनाची काळजी सर्वजण घेतात, रंगाची तर त्याहून अधिक घेतात. आसाकडे मात्र तो मोडल्यावरच लक्ष जाते. बैल गेला आणि झोपा केला, अशी ही गत.

आमचा व्यवसाय शिक्षकाचा, मिस्त्रीचा नव्हे. तथापि भार, घर्षण आणि परिभ्रमण हे पुस्तकातले शब्द गॅरेजात उभे राहिल्यावर जितके समजतात तितके फळ्यावर समजत नाहीत, असा आमचा अनुभव आहे. या पाठात आम्ही तीन गोष्टी सांगणार आहोत : आसाचे काम काय, तो झिजल्याची खूण कशी ओळखावी आणि झिजलेला भाग बदलताना कोणती पथ्ये पाळावीत. ज्यांना स्वतः पाना धरावयाचा नाही त्यांनीही हे वाचावे. गाडीचे काम नीट होत आहे की नाही, हे पाहण्याची दृष्टी मालकास असलीच पाहिजे.

आसाचे काम

बैलगाडीत आस स्थिर असतो आणि चाक त्याच्याभोवती फिरते. दोहोंमध्ये वंगण असते, आणि चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला खीळ असते. पिकअपच्या मागच्या बाजूस मात्र आसाला दुहेरी काम आहे. ओझे तोलावयाचे आणि इंजिनाची शक्ती चाकापर्यंत पोचवून ते फिरवावयाचेही. मागे जे आडवे पोकळ लोखंडी घर दिसते त्याला हाउसिंग म्हणतात. त्याच्या मध्यावरील फुगीर भागात डिफरन्शियल असते, आणि तेथून दोन्ही बाजूंस दोन पोलादी दांडे निघतात. त्यांना अॅक्सल शाफ्ट म्हणतात. शाफ्टच्या बाहेरच्या टोकापाशी बेअरिंग असते, आणि आतले तेल बाहेर येऊ नये म्हणून रबरी ओठाचे ऑइल सील असते.

ही रचना दोन प्रकारची असते, व आपल्या गाडीत कोणती आहे हे मालकाने प्रथम जाणून घ्यावे. पहिल्या प्रकारात, ज्याला सेमी फ्लोटिंग म्हणतात, शाफ्ट चाकाला फिरवतो आणि गाडीचे ओझेही स्वतःच्या टोकावर पेलतो. चाक थेट त्याच्याच चकतीवर बसवलेले असते. येथे शाफ्ट बाहेरच्या टोकाशी मोडला, तर चाक शाफ्टच्या तुकड्यासह गाडी सोडून जाऊ शकते. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे फुल फ्लोटिंगमध्ये, ओझे हाउसिंगच्या नळीवर बसवलेल्या दोन बेअरिंगांवर असते आणि शाफ्ट फक्त फिरवण्याचे काम करतो. तो मोडला तर गाडी जागीच थांबते, पण चाक निखळत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे. चाकाच्या मध्यभागी बाहेर आलेला गोल हब आणि त्यावर लहान बोल्टांचे कडे दिसले, तर रचना फुल फ्लोटिंग समजावी. जड ओझ्याच्या गाड्यांत ही दुसरी रचना असते. हलक्या गाड्यांत बहुधा पहिली.

बेअरिंगांविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. हबमध्ये जी निमुळत्या रोलरांची बेअरिंगे बसवतात त्यांची कल्पना घोडागाड्यांच्या धंद्यातून आली. अमेरिकेतील सेंट लुईस येथील गाड्यांचे कारखानदार हेन्री टिमकेन यांना एक अडचण नेहमी दिसे. भरलेली गाडी वळण घेताना चाकावर वरून येणाऱ्या ओझ्याबरोबर बाजूचाही रेटा येतो, आणि साध्या बेअरिंगला तो सोसत नाही. रोलर निमुळते करून तिरपे बसवले तर दोन्ही रेटे एकदम पेलता येतात, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने साधले, आणि १८९८ साली त्याचे पेटंट मिळाले. घाटातील प्रत्येक वळणावर आपल्या गाडीला या युक्तीचा उपयोग होत असतो.

पोलादही दमते

८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला परतणारी भरगच्च आगगाडी म्यूदाँ गावाजवळ घसरली. पुढच्या इंजिनाचा आस मोडला होता. मागचे डबे एकमेकांवर चढले, आगीने पेटले, आणि डब्यांची दारे बाहेरून बंद असल्यामुळे पन्नासाहून अधिक प्रवाशांचा आतच अंत झाला. या घटनेनंतर आस का मोडतात याचा शास्त्रीय विचार जोराने सुरू झाला. रँकिन या तरुण स्कॉटिश अभियंत्याने १८४३ साली दाखवून दिले की, आस एकाएकी मोडत नाही. जेथे त्याची जाडी अचानक कमी होते अशा कोपऱ्यात बारीक तडा सुरू होतो आणि दिवसेंदिवस आत सरकत जातो. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर यांनी आस यंत्रावर अगणित वेळा फिरवून प्रयोग केले व १८७० पर्यंत निष्कर्ष मांडले. एका झटक्यात जो भार पोलाद सहज सोसते, तोच भार लाखो वेळा आलटून पालटून दिला तर ते मोडते, हे त्यांचे सार. माणसाप्रमाणे पोलादही दमते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

आता हा हिशेब आपल्या गाडीला लावून पाहू. पिकअपचे चाक सुमारे ७० सेंटिमीटर उंच धरले, तर त्याचा परीघ सुमारे २.२ मीटर होतो. म्हणजे एका किलोमीटरात चाक सुमारे ४५५ वेळा फिरते, आणि १०० किलोमीटरांच्या एका फेरीत ४५ हजारांहून अधिक वेळा. सेमी फ्लोटिंग शाफ्ट ओझ्याखाली किंचित वाकलेला असतो, सबब प्रत्येक फेऱ्यात त्याचा प्रत्येक कण एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. एका फेरीत हा ताण ४५ हजार वेळा; वर्षभराचा आकडा मुलांना काढावयास द्यावा.

दुसरा हिशेब ओझ्याचा, आणि तो पहिल्याहून महत्त्वाचा आहे. ओझे दुप्पट केले तर बेअरिंगचे आयुष्य निम्मे होईल, असे कोणालाही वाटेल. तसे होत नाही. लुंडबर्ग व पामग्रेन या स्वीडनमधील दोघा शास्त्रज्ञांनी १९४७ साली मांडलेला नियम आजही जगभर वापरला जातो. त्याप्रमाणे रोलर बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला, तर आयुष्याचा सुमारे दहावा हिस्सा उरतो. दीडपट झाला तर सुमारे चौथा हिस्सा. आणि नुसता सव्वापट झाला, तरी आयुष्य निम्म्याहून खाली येते. येथे भार म्हणजे गाडीचे स्वतःचे वजन धरून मागच्या आसावर पडणारा भार, हे लक्षात ठेवावे.

सव्वापट भार, निम्मे आयुष्य! हे वाक्य मालाची गाडी असणाऱ्या प्रत्येक घरात भिंतीवर लिहून ठेवावे, असे आम्हास वाटते. चार गोण्या जास्त टाकून त्या फेरीत जे मिळाले ते हातात दिसते; जे गमावले ते हबच्या आत, अंधारात असते. शिवाय २०१९ साली दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्यात जादा ओझ्याबद्दल २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड लिहिला आहे. लग्नसराईत मालाच्या हौद्यात वऱ्हाड बसवण्याची जी चाल पडली आहे, तिला तर कायद्याची परवानगी नाही आणि शहाणपणाचीही नाही. गोणी पडली तर उचलता येते.

चालत्या गाडीची पारख

आस मोडण्यापूर्वी बहुधा बोलतो, ऐकणारा हवा. बेअरिंग खराब होऊ लागले की चाकातून घरघर किंवा घुमल्यासारखा आवाज येतो. तो इंजिनाच्या वेगाबरोबर बदलत नाही, चाकाच्या वेगाबरोबर बदलतो. मोकळ्या रस्त्यावर गिअर न्यूट्रल न करता केवळ अॅक्सलरेटर सोडावा. घरघर तशीच राहिली तर संशय चाकाच्या बेअरिंगावर घ्यावा. सौम्य वळणावर आवाज वाढतो की कमी होतो तेही पाहावे. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर दोष बहुधा डाव्या बाजूचा.

अॅक्सलरेटर दाबताच एक सूर आणि सोडताच दुसरा सूर निघत असेल, तर तो डिफरन्शियलमधील क्राउन व पिनियन या दातेरी चाकांचा आवाज होय. गाडी सुटताना किंवा गिअर बदलताना खाडकन ठोका बसत असेल, तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, शाफ्टच्या खाचा किंवा पाट्यांचे यू-बोल्ट तपासावेत. क्रॉसच्या टोप्यांभोवती गंजाच्या रंगाची भुकटी दिसली, तर आतील सुया कोरड्या पडल्या असे समजावे.

प्रवास संपल्यावर खाली उतरून चारही हबांजवळ हाताची मागची बाजू न्यावी. प्रथम जवळ न्यावी, चटका बसत नसेल तरच टेकवावी. घाट उतरल्यावर सर्व चाके तापतात, ते स्वाभाविक आहे. परंतु एकच हब दुसऱ्याहून बराच तापला असेल, तर त्यात बेअरिंग आवळले आहे, सुकले आहे किंवा ब्रेक धरून राहिला आहे.

उभ्या गाडीची पारख

चाकाच्या आतल्या बाजूस, ब्रेकच्या पत्र्याखाली तेलाचा ओघळ आहे काय हे दर आठवड्यास पाहावे. गिअर ऑइल दाट असते आणि त्यास गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेकचे तेल पातळ असते व रंग खाते. पहिले दिसले तर ऑइल सील गेले, दुसरे दिसले तर ब्रेकचा सिलिंडर. दोन्ही गोष्टी तातडीच्या आहेत. सीलमधून आलेले तेल ब्रेकच्या शूजवर पसरते आणि सपाट रस्त्यावर कदाचित जाणवणारही नाही. घाटाच्या उतारावर, भरल्या गाडीत, पाय दाबल्यावर एक चाक धरेल आणि दुसरे धरणार नाही. सील ही सर्वात स्वस्त वस्तू. पण तिच्यामागे ब्रेक उभा आहे.

सील बदलूनही पुन्हा पुन्हा गळते, अशी तक्रार अनेकांची असते, आणि दोष सीलच्या कंपनीस दिला जातो. अशा वेळी हाउसिंगच्या वरच्या बाजूस असलेला लहानसा ब्रीदर पाहावा. गाडी चालून तेल तापले की आतली हवा फुगते; ती या भोकातून बाहेर जावयाची असते. ब्रीदर चिखलाने बुजला, तर फुगलेली हवा तेलाला सीलच्या ओठातून बाहेर ढकलते. अशा वेळी नव्या सीलचाही इलाज चालत नाही. ब्रीदर साफ करण्यास एक पैसाही लागत नाही. तसेच तेल जास्त भरणेही वाईट. सपाट जागी गाडी उभी करून, तेल भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल असावे, हे माप बहुतेक गाड्यांना लागू पडते. तेल बदलताना खालच्या बोल्टाला लोहचुंबक असेल तर त्यावर काय चिकटले आहे ते बोटाने चोळावे. बारीक करडा लेप नेहमीचा आहे. पापुद्रे, कण किंवा दाताचा तुकडा मिळाला तर हाउसिंग उघडावे.

पाटे आणि आस यांना जखडणारे यू-बोल्ट सैल झाले, तर पाट्याच्या मधला बोल्ट तुटतो आणि आस जागेवरून सरकतो. अशी गाडी मागून पाहिल्यास खेकड्यासारखी तिरकी धावताना दिसते. पुढच्या पाटेबुशापासून आसापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंस फितीने मोजावे. ते सारखे नसेल, तर गाडी रस्त्यावर नेऊ नये.

चाक उचलून पारख

येथे सावधगिरीचा मुद्दा प्रथम. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही कदापि जाऊ नये. कठीण, सपाट जागा घ्यावी, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून व मागून ठोकळे लावावेत, आणि जॅकने उचलल्यावर आसाखाली मजबूत लोखंडी घोडी ठेवावी. विटांची चळत घोडीचे काम करीत नाही. वीट ओझ्याखाली एकदम फुटते. गिअर टाकून ठेवला आहे म्हणून गाडी हलणार नाही, हा समजही चुकीचा. मागचे एकच चाक वर असेल, तर डिफरन्शियलमुळे ते हवेत फिरू शकते आणि दुसरे जमिनीवर सरकू शकते. म्हणून भरवसा ठोकळ्यांवर ठेवावा, गिअरवर नव्हे. चाकाचे नट मात्र गाडी उचलण्यापूर्वीच थोडे सैल करून घ्यावेत.

चाक उचलल्यावर ते घड्याळाच्या १२ व ६ या जागी दोन हातांनी धरून आत-बाहेर हलवावे. खडखड किंवा खेळ जाणवला तर बेअरिंग सैल किंवा झिजलेले आहे. पुढच्या चाकात मात्र हा खेळ बेअरिंगचा की किंगपिनचा वा बॉल जॉइंटचा, हा प्रश्न पडतो. त्यास एक सुंदर तोड आहे. दुसऱ्या माणसास ब्रेक दाबून धरावयास सांगावे व पुन्हा हलवून पाहावे. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर दोष बेअरिंगचा. राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंटचा. त्यानंतर पुढचेच चाक ९ व ३ या जागी धरून हलवावे. तेथील खेळ बहुधा टाय रॉडच्या टोकांचा असतो.

मग चाक हाताने फिरवावे आणि दुसरा हात पाट्यावर ठेवावा. निरोगी बेअरिंग गुळगुळीत फिरते. खराब झालेले हाताला वाळू चाळल्यासारखे जाणवते. कान विश्वासू असेल तर लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक हाउसिंगला व मूठ कानामागे लावून ऐकावे. वैद्य नाडी पाहतो, तसेच हे.

पालट : फुल फ्लोटिंग हब

प्रथम शाफ्टच्या चकतीवरील बोल्ट काढून शाफ्ट बाहेर ओढावा. खाली परात ठेवावी, तेल गळते. नंतर कुलुप-वॉशरचे कान सरळ करून मोठ्या सॉकेटने दोन्ही नट काढावेत. हे नट छिन्नी-हातोडीने काढण्याची जी सवय काही ठिकाणी दिसते, ती नटाचे कोपरे आणि नळीची आटी दोन्ही बिघडवते. योग्य सॉकेट मागून आणावा, पण छिन्नी लावू नये. ब्रेकमधील भुकटी तोंडाने किंवा हवेने उडवू नये. जुन्या शूजमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते, आणि ते फुप्फुसास घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

बेअरिंग रॉकेलमध्ये धुवून, वाळवून उजेडात पाहावे. हवेच्या झोताने ते गरगर फिरवण्याचा खेळ करू नये. रोलरवर किंवा कपावर खड्डे, पापुद्रे, ओरखडे, गंज अथवा जास्त तापल्याचा निळसर रंग दिसला तर ते निकालात काढावे. कप आणि कोन ही जोडी आहे. नवा कोन जुन्या कपात बसवणे म्हणजे नव्या बैलास जखमी बैलाबरोबर जुंपणे. दोन्ही एकदम, एकाच निर्मात्याचे घ्यावेत. बेअरिंगवर कोरलेला क्रमांक वहीत उतरवून, जुना नमुना बरोबर नेऊन, पावतीसह खरेदी करावी. नकली मालाचे वेष्टन हुबेहूब असते. स्वस्ताई मात्र तशी नसते, तीवरूनच ओळखावे.

जुना कप पितळी किंवा मऊ लोखंडी दांड्याने समोरासमोरच्या बाजूंनी आळीपाळीने ठोकून काढावा, नवा तसाच सरळ बसवावा. तो तळाशी बसला की ठोक्याचा आवाज बदलून भरीव होतो. कानाने ते समजते. ग्रीस तळहातावर घेऊन रोलरांच्या फटीत ते पलीकडून बाहेर येईपर्यंत दाबून भरावे. दोन निरनिराळी ग्रीस मिसळू नयेत, आणि हबची सारी पोकळीही ठासून भरू नये. तसे केल्यास ग्रीस घुसळून तापते.

हब उघडला की सील नवेच घालावे. स्प्रिंग असलेला ओठ तेलाच्या बाजूस असावा, ओठास थोडे ग्रीस लावावे, आणि सील सपाट ठोकळ्याने सरळ बसवावे. सील जेथे घासते ती जागा नखाने तपासावी. तेथे खोबण पडली असेल तर नवे सीलही गळणार. पातळ पोलादी बाही बसवून ती जागा दुरुस्त करावी.

आता सर्वात नाजूक काम, म्हणजे नट आवळणे. हब हाताने सतत फिरवत नट घट्ट करावा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग नट सैल करून गाडीच्या पुस्तकातील मापाप्रमाणे पुन्हा बसवावा. अनेक गाड्यांत अखेर जो खेळ ठेवतात तो मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो. जास्त आवळले तर बेअरिंग तापून जळते, सैल ठेवले तर ठोके खाऊन फुटते. वीणेची तार जशी लावावी तशी ही लावणी आहे. शेवटी कुलुप-वॉशरचा कान नटावर दुमडल्याशिवाय काम पुरे झाले असे म्हणू नये. बैलगाडीच्या खिळीचे काम येथे तो कान करतो.

पालट : सेमी फ्लोटिंग शाफ्ट

येथे बेअरिंग शाफ्टवर दाबून बसवलेले असते, आणि त्यामागे एक पोलादी कडे तितक्याच दाबाने चढवलेले असते. चाक गाडीशी धरून ठेवणारी वस्तू हीच. म्हणून चार नियम. जुने कडे पुन्हा वापरू नये. ते काढताना गॅसची ज्योत शाफ्टला लावू नये, कारण त्याने पोलादाचा कस जातो. कडे कापताना शाफ्टवर ओरखडाही येऊ देऊ नये, कारण तडा तेथूनच सुरू होतो. आणि सैल झालेले कडे वेल्डिंगने चिकटवू नये. हे काम घरी करण्याचे नव्हे. बेळगावसारख्या ओतशाळांच्या व यंत्रशाळांच्या गावी हायड्रॉलिक प्रेस असलेले कारागीर मिळतात. त्यांच्याकडे द्यावे, आणि दाब बेअरिंगच्या आतल्या कड्यावरच दिला जातो आहे हे उभे राहून पाहावे.

शाफ्ट हातात असता त्याचीही परीक्षा करावी. टोकाच्या खाचा सरळ असाव्यात. त्या पिळलेल्या दिसल्या, तर शाफ्टला एकदा मर्यादेबाहेर पीळ बसला आहे. तो टाकून द्यावा. तडा शोधण्यासाठी आमच्या वर्गातला खडू येथे कामास येतो. चकतीजवळचा गोलवा आणि खाचा संपतात ती जागा स्वच्छ करून त्यावर रॉकेल लावावे, थोड्या वेळाने कोरड्या फडक्याने पुसून वर खडूची भुकटी चोळावी. तडा असेल तर त्यात शिरलेले रॉकेल हळूहळू बाहेर झिरपते आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. रँकिनने सांगितलेल्या जागा त्या ह्याच. असा शाफ्ट वेल्डिंग करून वापरण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्याचे आभार मानून नवा शाफ्ट आणावा. मात्र रेघ उमटली नाही म्हणून शाफ्ट निर्दोष ठरतो असे नाही. फार बारीक तड्यास यंत्राची परीक्षा लागते.

काम संपल्यावर

तेलाने भिजलेले ब्रेक शूज जाळावर धरून पुन्हा लावू नयेत. आसाच्या दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत, नाहीतर ब्रेक एका बाजूस ओढतो. चाकाचे नट समोरासमोरचे आळीपाळीने, मापाच्या पान्याने आवळावेत, आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासावेत. पहिली फेरी रिकामी, दहा-पंधरा किलोमीटरांची करावी व उतरून हब पाहावा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल तर नट जास्त आवळला गेला आहे.

शेवटी एक सूचना. मुलांच्या शाळेची प्रगतिपुस्तके आपण जपून ठेवतो. तशी गाडीची एक वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, काय पाहिले, काय बदलले, बेअरिंगचा क्रमांक, पावती आणि कोणत्या फेरीत किती ओझे होते, इतके त्यात लिहावे. लिहिण्याचे काम घरातील शिकत्या मुलास किंवा मुलीस सोपवावे. रविवारी सकाळी अर्धा तास, हातात चिंधी आणि वही घेऊन, बापलेकांनी गाडीभोवती एक फेरी मारावी. यंदाच्या पावसाळ्यापूर्वी आपल्या सभासदांच्या दहा गाड्यांखाली जरी कोणी वाकून पाहिले, आणि एका घरी जरी गळके सील घाट उतरण्यापूर्वी सापडले, तरी या पाठाचे चीज झाले असे आम्ही समजू.